शिखांच्या इतिहासात सही कुणाची चालत होती?

गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या निमित्तानं, २०१९ च्या नोव्हेंबरात, पंजाब विधानसभेनं एक ठराव केला. अमृतसरच्या दरबार साहिबात, म्हणजे आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो तिथे, बायकांनाही कीर्तन करू द्यावं, अशी विनंती त्यात अकाल तख्ताला, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाला, आणि गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीला केली होती. बातमी वाचून बरेच जण गोंधळले. शिखांमध्ये स्त्री-पुरुष समान, असं आपण ऐकत आलो. मग असा ठराव करायची वेळ का यावी? दुसऱ्या बाजूनंही एक प्रश्न नेहमी येतो: दहाच्या दहा गुरू पुरुष, मग समानतेचं काय सांगता?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारताना आपण गादीवर कोण बसलं एवढंच पाहतो. गावातल्या पतसंस्थेचा कारभार कोण चालवतं हे कळायला भिंतीवरचे अध्यक्षांचे फोटो मोजून भागत नाही, चेकवर सही कुणाची चालते ते विचारावं लागतं. शीख इतिहासाला तसं विचारलं की बायका पानोपानी दिसू लागतात. लंगर कुणी चालवला, आज्ञापत्रं कुणाच्या शिक्क्यानं निघाली, फौज कुणाच्या शब्दावर हलली, हे एकेक करून पाहू.

सुरुवात सुतकापासून

मराठी वाचकाला सुतक आणि सोयर समजावून सांगायची गरज नाही. मूल जन्मलं की घर अमुक दिवस अशुद्ध, बाळंतीण वेगळी, स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पंजाबातही हेच होतं. गुरू नानकांची 'आसा दी वार' ही रचना गुरुद्वाऱ्यांत पहाटे गायली जाते. तिच्यात त्यांनी या कल्पनेलाच हात घातला. सुतक मानायचंच तर सगळीकडेच मानावं लागेल, असं ते म्हणतात. शेणात किडे असतात, लाकडात असतात, दाण्यादाण्यात जीव असतो. मग स्वयंपाकघर शुद्ध राहणार तरी कसं? याच रचनेत पुढे ते विचारतात, जिच्या पोटी राजे जन्म घेतात तिला वाईट का म्हणायचं?

यावर आक्षेप येतो की इथेही बाईची किंमत आईपणावरच ठरली. आक्षेप चुकीचा नाही. पण माझ्या मते या रचनेचा खरा दणका सुतकाच्या ओळींत आहे. बाईला चुलीपासून आणि देवळापासून लांब ठेवायला अशुद्धता हेच तर हक्काचं कारण होतं. ते काढून घेतलं की उरलेल्या बंदीला धर्माचा आधार राहत नाही, ती नुसती सवय उरते. पुढे तिसरे गुरू अमरदास यांनी सती जाण्यावर आपल्या पदांत टीका केली आणि संगतीत, म्हणजे एकत्र जमलेल्या शीख समुदायात, पडदा घेऊन बसू नये असं सांगितल्याचं परंपरा सांगते.

नानकांचं मोठेपण सर्वांत आधी ओळखलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, बेबे नानकींनी, असंही शीख परंपरा मानते. सुलतानपूरच्या धान्यकोठारात नानकांना काम मिळालं ते याच बहिणीच्या सासरच्या ओळखीतून.

खीवी: नावानिशी नोंद

गुरू ग्रंथ साहिब हा शिखांचा ग्रंथ. आपल्या नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. याच ग्रंथात सत्ता आणि बलवंड या दोन गायकांची एक रचना आहे. गुरूंच्या गादीचं वर्णन करता करता बलवंड मध्येच एका बाईपाशी थांबतो. तिचं नाव खीवी, दुसरे गुरू अंगद यांची पत्नी. ही बाई फार भली आहे, हिची सावली दाट पानांच्या झाडासारखी आहे, असं तो म्हणतो. लगेच पुढच्या ओळीत लंगराचं वर्णन येतं: तिथे संपत्ती वाटली जाते, तुपातली अमृतासारखी खीर मिळते. गुरूंच्या पत्नींपैकी या ग्रंथात नावानिशी उल्लेख आहे तो एकट्या खीवींचा.

लंगर म्हणजे सामुदायिक स्वयंपाक, जिथे कुणीही कुणाच्याही शेजारी पंगतीला बसतो. आज जगभर शीख ओळखले जातात ते मोठ्या प्रमाणावर या एका गोष्टीमुळे. पूर आला, भूकंप झाला, की लंगर पोहोचतो. सोळाव्या शतकात याचा अर्थ फार स्फोटक होता. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या पंक्तीला बसायचं यावरच तर जात टिकून होती. खडूर साहिबला खीवींनी जो लंगर सांभाळला, तिथे रोज शिजणाऱ्या अन्नातून तो नियम मोडला जात होता.

इथे कुणी म्हणेल, बाईला शेवटी स्वयंपाकच दिला ना? हा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो. पण घरातली चूल आणि लंगर यांत फरक आहे. लंगराला धान्य कुठून आणायचं, आलेलं दान कसं वापरायचं, माणसं कामाला कशी लावायची, आलेल्याला परत न पाठवता पुरवठा कसा करायचा, हा सगळा कारभार होता. बलवंडनं 'लंगरात संपत्ती वाटली जाते' असं म्हटलं त्यात हे आलंच. गुरू अंगद १५५२ साली गेले. खीवी त्यानंतर ३० वर्षं, १५८२ पर्यंत होत्या.

दहावे गुरू गेल्यावर पंथ कुणी सांभाळला?

शीख इतिहास थोडक्यात सांगताना लोक गुरू गोविंदसिंगांवरून एकदम महाराजा रणजितसिंगांवर उडी मारतात. मधल्या काळात काय झालं ते सुटून जातं.

१६९९ साली गोविंदसिंगांनी आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. त्यानंतर काही वर्षांत त्यांचे चारही मुलगे गेले. दोघं चमकौरच्या लढाईत, दोघं लहानगे सरहिंदला, मोगल सुभेदाराच्या हुकमानं. त्या लहानग्यांबरोबर थंडीत बुरुजात कैद असलेल्या त्यांच्या आजी, माता गुजरी, यांनीही तिथेच प्राण सोडले. १७०८ साली नांदेडला गोविंदसिंग गेले. आता कुणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असं ठरलेलं. बंदा बहादूर या त्यांच्या सेनापतीनं पंजाबात राज्य उभं केलं, पण १७१६ साली त्याला दिल्लीत हालहाल करून मारलं. शीख रानावनात पांगले. गुरू नाही, वारस नाही, सेनापती नाही.

या काळात पंथाचा शब्द चालत होता तो दिल्लीतून, गोविंदसिंगांच्या पत्नी माता सुंदरी यांचा. त्या १७४७ पर्यंत होत्या, म्हणजे गुरूंच्या पश्चात जवळजवळ ४० वर्षं. त्यांच्या शिक्क्याचे हुकमनामे आज उपलब्ध आहेत. हुकमनामा म्हणजे गुरूंकडून एखाद्या गावच्या संगतीला जाणारं आज्ञापत्र. सुंदरींचे सापडलेले हुकमनामे १७१७ ते १७३० या काळातले आहेत. दुसऱ्या पत्नी माता साहिब देवां यांचेही हुकमनामे आहेत, १७२६ ते १७३४ या काळातले. हे कागद साधे आहेत: संगतीला आशीर्वाद, माणसांची नावं, लंगरासाठी अमुक रुपये हुंडीनं पाठवा अशी सूचना. या साधेपणातच त्यांचं वजन आहे. मोगलांच्या नाकासमोर, दिल्लीत बसलेल्या बाईच्या पत्रावर दूरच्या गावचे व्यापारी आणि शेतकरी पैसे रवाना करत होते.

अमृतसरला त्या वेळी बंदा बहादूरचे अनुयायी आणि बाकीचा खालसा यांच्यात दरबार साहिबाच्या ताब्यावरून तंटा पेटला होता. १७२१ साली सुंदरींनी भाई मणिसिंगांना तिथे ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचं वाचन आणि सेवा सांभाळणारा, म्हणून पाठवलं. तलवारी उपसायच्या बेतात असलेल्या दोन्ही गटांना मणिसिंगांनी तोडगा सुचवला. दोघांच्या घोषणा लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या सरोवरात सोडायच्या, ज्याची चिठ्ठी आधी वर येईल त्याचं खरं. असा तो वाद मिटल्याची हकीकत शीख परंपरेत सांगितली जाते. मणिसिंगांची नेमणूक शीख इतिहासात फार मोठी मानली जाते, आणि ती केली होती सुंदरींनी.

"गुरूंच्या पत्नी म्हणूनच त्यांना मान होता ना?" असं विचारलं जातं. जागा त्यांना लग्नामुळे मिळाली, यात वाद नाही. पण केवळ नात्यावर पंथ ऐकत नव्हता याचा दाखला त्यांच्याच घरात आहे. त्यांनी अजितसिंग नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. मोठा झाल्यावर तो गुरूसारखा मान मागू लागला, मोगल दरबाराशी सलगी करू लागला. सुंदरींनी त्याच्याशी संबंध तोडले आणि त्या काही काळ मथुरेला जाऊन राहिल्या. नातं त्याच्याकडेही होतं. पंथ मात्र सुंदरींच्या बाजूनं राहिला. याच शतकाच्या सुरुवातीला ताराबाई मराठ्यांचं राज्य औरंगजेबाविरुद्ध लढवत होत्या. शाळेत ताराबाई आपल्याला निदान एका धड्यापुरत्या भेटतात. सुंदरींचं नाव पंजाबाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साहिब देवां यांना 'खालशाची आई' म्हणतात. खालशात येताना अमृतदीक्षा घेणारा प्रत्येक शीख गोविंदसिंगांना पिता आणि त्यांना माता मानतो. त्या गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या होत्या. नांदेडजवळ मुगट गावापाशी गोदावरीकाठी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. अखेरच्या दिवसांत गुरूंनी त्यांना आपली पाच शस्त्रं देऊन दिल्लीला सुंदरींकडे पाठवलं.

माई भागो: इतिहास किती, कथा किती?

माई भागोंची गोष्ट बहुतेकांनी चित्रात पाहिलेली असते: घोड्यावरची, हातात भाला घेतलेली बाई. पंजाबातल्या 'माझा' नावाच्या प्रदेशातल्या झबाल गावच्या त्या. गोविंदसिंग आनंदपूरला मोगलांच्या वेढ्यात असताना उपासमार झाली, तेव्हा 'माझा' प्रदेशातल्या ४० शिखांनी गुरूंना 'तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शिष्य नाही' असं लिहून दिलं आणि घर गाठलं. या लेखी फारकतीला बेदावा म्हणतात. भागोंनी त्या सगळ्यांना खडसावलं, परत वळवलं आणि स्वतः त्यांच्यापुढे निघाल्या. १७०५ साली खिदराणा नावाच्या तळ्याकाठी त्यांनी मोगल फौजेला अडवलं. ते चाळीसही जण पडले. मरणाच्या दारात असलेल्या महानसिंगानं गुरूंकडे एकच मागणं मागितलं, तो बेदावा फाडा. गुरूंनी तो फाडला. ते चाळीस 'मुक्ते' झाले आणि गावाचं नाव मुक्तसर पडलं.

संवाद, खडसावणं, फाडलेला कागद, या गोष्टी पुढच्या पिढ्यांनी सांगता सांगता ठळक केल्या असणार. सुंदरींच्या हुकमनाम्यांसारखा शिक्क्याचा कागद भागोंच्या बाबतीत मागून चालणार नाही. पण जागा मात्र बोलतात. जखमी भागो बऱ्या झाल्यावर पुरुषी वेशात गुरूंच्या पहारेकऱ्यांत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेत आल्या. नांदेडच्या हजूर साहिबच्या आवारात त्यांच्या राहण्याची जागा 'बुंगा माई भागो' म्हणून आजही दाखवली जाते. गुरू गेल्यावर त्या बिदरजवळच्या जनवाड्याला स्थायिक झाल्या, तिथेच वारल्या. पंजाबातली एक शेतकरी बाई दक्षिणेत राहिली आणि तिथल्या शिखांनी तिची जागा ३०० वर्षं जपली, याला नुसती दंतकथा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

फौजा आणि जहागिऱ्या

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाब शीख सरदारांच्या मिसलींमध्ये वाटला गेला. मिसल म्हणजे स्वतःची फौज आणि स्वतःचा मुलूख असलेला गट. कन्हैया मिसलीच्या सदा कौर यांचा नवरा १७८५ साली लढाईत मारला गेला, सुकरचकिया मिसलीच्या लोकांशी लढताना. सदा कौर यांनी वैर वाढवण्याऐवजी आपली मुलगी त्याच शत्रूच्या मुलाला दिली. तो मुलगा म्हणजे रणजितसिंग. १७९९ साली त्यानं लाहोर घेतलं तेव्हा शेजारी सासूची फौज होती. रणजितसिंगांचं राज्य जिथून सुरू झालं तो दिवस या बाईशिवाय आला नसता. पुढे जावयानं त्यांचा मुलूख खालसा केला, त्यांना कैदेत ठेवलं. १८३२ साली त्या कैदेतच गेल्या.

पतियाळ्याच्या साहिब कौर यांची गोष्ट मराठी माणसाला थोडी बोचेल. भावानं त्यांना राज्याचं प्रधानपद दिलं होतं. १७९४ साली मराठ्यांची फौज पतियाळ्याकडे सरकली तेव्हा अंबाल्याजवळ मर्दानपूरला त्या स्वतः तलवार उपसून उभ्या राहिल्या, आणि मराठ्यांना माघारी जावं लागलं.

महाराणी जिंदां आणि नाशिक

रणजितसिंगांच्या सर्वांत धाकट्या राणी जिंद कौर, लोकांच्या तोंडी जिंदां. वडील दरबाराच्या शिकारी कुत्र्यांची देखभाल करत. १८४३ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा दलीपसिंग गादीवर आला आणि राज्याची सूत्रं जिंदांच्या हाती आली. त्यांनी पडदा टाकला, दरबारात बसल्या, फौजेच्या पंचांशी समोरासमोर बोलल्या. इंग्रजांनी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. पहिल्या शीख युद्धानंतर, १८४६ च्या डिसेंबरातल्या भैरोवालच्या तहानं, त्यांचे अधिकार काढून दीड लाखाचा तनखा ठरवला. पुढच्या वर्षी मुलाला त्यांच्यापासून तोडलं. तनखा घटवत घटवत त्यांना शेखूपुरा, बनारस, चुनारचा किल्ला असं फिरवलं. १८४९ च्या एप्रिलमध्ये, इंग्रजांनी पंजाब आपल्या राज्याला जोडल्यावर महिन्याच्या आतच, जिंदां मोलकरणीच्या वेशात चुनारमधून निसटल्या आणि नेपाळला पोहोचल्या.

एका विधवेची इंग्रजांना इतकी धास्ती का? कारण त्यांच्या नावाभोवती शिखांची फौज पुन्हा उभी राहू शकत होती. मुलाची भेट झाली ती १८६१ साली कलकत्त्याला. तोवर तो ख्रिस्ती झाला होता. १८६३ साली जिंदां लंडनला वारल्या. त्यांचं शव पंजाबात न्यायची परवानगी मिळाली नाही. पुढच्या वर्षी दलीपसिंगानं ते मुंबईला आणलं आणि नाशिकला गोदाकाठी अग्नी दिला. त्यांची समाधी बरीच वर्षं नाशिकला होती. १९२४ साली नात बांबा यांनी अस्थी लाहोरला रणजितसिंगांच्या समाधीपाशी नेल्या. रामकुंडावर जाणाऱ्या किती नाशिककरांना हे माहीत असेल?

दुसरी नात सोफिया. तिनं इंग्लंडात बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी १८ नोव्हेंबर १९१० ला पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात पुढे राहून भाग घेतला. मत नाही तर कर नाही, असं म्हणून कर भरायला नकार दिला आणि त्यापायी तिच्या वस्तूंची जप्ती होऊन लिलाव झाला.

मग कीर्तनाला अडचण काय?

शिखांची आचारसंहिता, रहित मर्यादा, १९४५ साली मंजूर झाली. अमृतदीक्षा देणाऱ्या पाच जणांत बाई असू शकते, असं तिच्यात लिहिलं आहे. बाईनं तोंड झाकून संगतीत बसू नये, हेही आहे. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यानं शीख बायकांना प्रबंधक कमिटीच्या निवडणुकीत मत दिलं आणि १९९९ साली बीबी जागीर कौर या कमिटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. जगभरच्या गुरुद्वाऱ्यांत बायका कीर्तन करतात. दरबार साहिबाच्या आत मात्र ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या पुरुष रागींकडे राहिली. रागी म्हणजे रागांत कीर्तन गाणारे. विरोध करणारे त्या स्थळाच्या जुन्या रिवाजाकडे बोट दाखवतात. विधानसभेचा ठराव ही विनंतीच होती. धार्मिक मर्यादा बदलायचा अधिकार तिला नाही. निर्णय अकाल तख्ताचा आणि कमिटीचा.

मला हा रिवाज पटत नाही. ज्या दरबार साहिबात मणिसिंगांना ग्रंथी म्हणून सुंदरींनी नेमलं, तिथे बाईनं कीर्तन करू नये याला आधार कुठला?

"पण पंजाबात मुलीच कमी आहेत"

हा सगळ्यांत कडवा आक्षेप, आणि खरा. मुलीला मारणाऱ्याशी संबंध ठेवू नका असं शिखांना त्यांची आचारसंहिता सांगते. तरीही २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे मुली फक्त ७९८ होत्या. पंजाबात सगळेच शीख नाहीत, पण बहुसंख्य शीखच आहेत, त्यामुळे ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. जमिनीची वाटणी, हुंडा आणि गर्भलिंग तपासणीची यंत्रं, या तिघांपुढे गुरूंची शिकवण कमी पडली. नंतर कायद्याचा बडगा आला, अकाल तख्तानंही स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध आदेश काढला, आणि २०११ साली हा आकडा ८४६ वर गेला. अजूनही तो लाजिरवाणा आहे, पण वर चढलेला आहे. याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला.